डाव्या दस्त्यासाठी पेडणे आणि डिचोली

लोक गोव्याला समुद्रासाठी जातात, आम्ही मायलेकी लाकडासाठी गेलो. माझी लेक कस्तुरी डावखुरी आहे आणि छऱ्यांच्या बंदुकीने कागदी निशाण टिपते. तिच्या बंदुकीचा लाकडी दस्ता, म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकणारा भाग, तडकला. दुकानांतून डावा दस्ता मिळेना. तिचे सर म्हणाले, "उजव्या हाताची सवय कर, बंदुका चिकार मिळतील." "उजवीच व्हायचं असेल तर मी नेमबाजी सोडते," कस्तुरी घरी येऊन म्हणाली आणि भरल्या ताटावरून उठली. मग काय, गाडी काढली.

कुडाळहून पहाटे निघालात तर बांदा ओलांडून नाश्त्याला पेडण्यात पोचता. नळी घरीच ठेवली होती. तडकलेला दस्ता तेवढा चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर. बाजारात भाजी-पाव आणि मिरचीची भजी जरूर खा. दोघींचं पोट शंभर-दीडशेत भरतं.

पेडण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांना त्यांचा जुना डावा दस्ता विकायचा होता. अक्रोडाचा, तेल पिऊन मुरलेला, बघताक्षणी प्रेमात पडावं असा. कस्तुरीने खांद्याला लावला, पण तिच्या हाताला तो फार लांब.

"वाडतलें गो चेडूं," पोर वाढेल की, असं ते मला समजावू लागले.

"आई, मी याच्यात मावेपर्यंत माझं लग्न होईल," कस्तुरी कुजबुजली. मला तो सोडवेना, पण पोरीचं खरं होतं.

त्यांनीच डिचोलीजवळच्या एका मेस्तांचा, म्हणजे सुताराचा, पत्ता दिला. अस्नोड्यावरून रस्ता चांगला आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा हे मेस्त ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचे, आता दारं-खिडक्या करतात. त्यांच्याकडे शिवणीची वाळलेली फळी होती, हलकी आणि सरळ. कस्तुरीच्या खांद्याला काठी धरून त्यांनी मापं घेतली. काम झालंच म्हणून मी हुश्श केलं, तेवढ्यात ते म्हणाले, "हत्याराचें काम हांवें केदनाच करूंक ना. फाल्यां देवाक विचारतां."

हत्याराचं काम त्यांनी कधीच केलं नव्हतं, उद्या देवाला विचारल्याशिवाय करणार नव्हते, म्हणून डिचोलीत मुक्काम पडला. लॉज स्वच्छ होतं. पंखा मात्र बोलका.

सकाळी त्यांच्या गावच्या देवळात कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मेस्तांनी गाऱ्हाणं घातलं. बराच वेळ काही हलेना. मग डावीकडची पडली.

माझं डोकंच फिरलं. लहानपणापासून प्रसादाला हात पुढे केला की "उजवा, उजवा" ऐकत आलेली माझी पोर, आणि आता हे! "देवालाही डावं चालत नाही का?" मी देवळातच विचारलं.

मेस्त शांतपणे म्हणाले, "बाये, देवाक डावें-उजवें ना. आमकां आसा. आमकां कळपाक तो तशें सांगता." आपल्याला कळावं म्हणून देव आपल्या डाव्या-उजव्यात बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

कस्तुरीने विचारलं, "काका, तुम्ही देवाला नेमकं काय विचारलंत?"

"हांवें करूं काय, म्हणून." म्हणजे ‘मी करू का’, एवढंच.

"मग दस्ता मी केला तर?"

घरी जाऊन मेस्तांनी ती फळी आणि एक जुनी कानस आमच्या गाडीत ठेवली. "लाकडाक कोणें ना म्हणूंक ना," लाकडाला कुणी नकार दिलेला नाही, एवढंच बोलले. पैसे घेईनात.

परतीला दोडामार्गाचा रस्ता धरा, काजूच्या बागांतून जातो. आम्ही मात्र त्या दिवशी फारसं काही पाहिलं नाही.

त्या वर्षीची स्पर्धा हुकली. कस्तुरी शाळेतून आली की पडवीत फळी घासत बसायची. गालाची बाजू एकदा जास्त तासली गेली, तिथे तिने तुकडा चिकटवला. दस्ता काही देखणा झाला नाही. त्या पाकळीचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही, पण होकार मिळाला असता तर आम्ही तयार दस्ता घेऊन आलो असतो आणि माझी लेक काय करू शकते ते मला कळलंच नसतं.

गेल्या आठवड्यात तिने नळी बसवलेली बंदूक सरावाला नेली. सरांनी ती उचलून सवयीने उजव्या गालाला लावली. त्यांना नेम दिसेना.

"असं काय हे?" ते म्हणाले.

"सर, माझ्या मापाची आहे ती," कस्तुरी म्हणाली, आणि घ्यायला हात पुढे केला.