वाफ्यातला फुटबॉल

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत फुटबॉलला खेळ समजणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. बाकीची माणसे कबड्डीला खेळ म्हणत, कुस्तीला धर्म म्हणत आणि फुटबॉलला रिकामपण म्हणत. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. कोणत्या पिकाला पाणी केव्हा आणि किती द्यायचे, यापलीकडच्या प्रश्नांत मी लक्ष घालत नसे. मुलीचे लग्न ठरले म्हणून मला या गृहस्थांचा सहवास घडला. तो मी मागितला नव्हता. त्याविषयी तक्रारही केली नाही.

त्यांचे वडील मेंढरे घेऊन दरसाल कोकणात उतरत. मुलाने पहिलवान व्हावे म्हणून त्यांनी त्याला कोल्हापूरच्या तालमीत धाडले. तिथल्या तालमी कुस्तीइतक्याच ईर्ष्येने फुटबॉलही खेळतात, हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. मुलगा परतला तो अंगाने वाळून आणि बगलेत चेंडू घेऊन. पुढे ते तालुक्यातल्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक झाले आणि जगातली प्रत्येक वस्तू त्यांना अकरा गड्यांच्या मांडणीत दिसू लागली. सोयरिकीच्या बैठकीत आमच्या थोरल्या बंधूंनी रीतीप्रमाणे विचारले, "मुलगा काय करतो?" व्याह्यांनी तबकातल्या सुपाऱ्या सतरंजीवर मांडल्या, त्यांतली एक बोटाने कडेला सरकवली आणि सांगितले, "ह्यो हितं, डाव्या अंगाला. पळतुया झकास." मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट आहे, ही माहिती आम्हाला त्यांच्या सौभाग्यवतींकडून माजघराच्या वाटेने मिळाली. सुपारी फोडण्याचा मुहूर्त आला, तेव्हा भटजींनी नेमका गोलरक्षक उचलला. व्याह्यांनी त्यांचा हात धरला. "त्यो नगं. राखीव घ्या." राखीव सुपारी फुटली आणि लग्न ठरले.

एस.टी.तून जाताना ते चेंडू मांडीवर घेऊन बसत. वरच्या फळीवर कधी ठेवत नसत. भवानीनगरच्या थांब्यावर एका कंडक्टरने गमतीने विचारले, "मास्तर, ह्येचं अर्धं तिकीट फाडू का?" व्याही गंभीरपणे म्हणाले, "पाचाच्या आतला हाय." गळीत हंगामात ते पोरांना सणसरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे पळवत. पुढे ट्रॉल्या, मागे पोरे आणि सर्वांत मागे सायकलवर व्याही, अशी ती मिरवणूक असे. ट्रॉलीतला ऊस ओढणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी संघाबाहेर बसवत. त्यांचे म्हणणे असे, की ज्याला समोरच्या उसाचा मोह आवरत नाही, त्याला चेंडूचाही आवरत नाही, आणि तो हटकून आपली जागा सोडतो.

जागा सोडणे हेच त्यांचे जन्माचे दुखणे होते. त्यांची पोरे दमाची होती, निडर होती, लाथेची भक्कम होती. पण चेंडू जिथे जाई तिथे सगळीच्या सगळी धावत. मैदानाच्या एका कोपऱ्यात घोळका आणि उरलेले मैदान ओस. व्याही कडेवरून गर्जत, "आरं, मेंढरं हायसा का तुमी?" आणि क्षणभराने, वडिलोपार्जित धंद्याला उगाच बोल लागला असे वाटून, स्वतःच दुरुस्ती करत: "मेंढरं बी आशी पळत न्हाईत. म्या राखल्यात."

नव्वदीच्या दशकात, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, हा घोळका कसाबसा जिल्ह्याच्या आंतरमहाविद्यालयीन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. समोर पुण्याचा संघ होता. त्याच सुमारास कॉलेजच्या चेअरमनसाहेबांनी एक निर्णय जाहीर केला. ते स्वतः मोठे बागायतदार. मैदान कॉलेजच्या उसाला लागून होते आणि इतकी काळी जमीन नुसती तुडवली जाते, हे त्यांच्या डोळ्यांना खुपे. त्यांनी व्याह्यांना बोलावून सांगितले, "मास्तर, चषक आला तर मैदान तुमचं. न्हाय आला तर सुरू उसाची लागण करायची. बेणं बघून ठेवलंय." व्याही घरी आले ते न जेवता झोपले. वीस वर्षे दगड वेचून त्यांनी ते मैदान केले होते.

आठवड्यावर सामना आला, तेव्हा उन्हाने मैदान फरशीसारखे झाले होते. पडेल त्याचा गुडघा फुटत होता. ते माझ्याकडे आले.

"पाव्हणं, मैदानाला पाण्याची येक पाळी द्या."

"पीक कोणते?" मी विचारले.

"गवात."

"गवत हे पीक नाही."

"मग जनावरांचा चारा म्हना."

"जनावरे किती?"

"अकरा. दोन पायांची."

मी परवानगी दिली नाही. नियमात बसत नव्हते. ते चहा घेऊन गेले आणि कॉलेजच्या शेतावरच्या तात्यांना भेटले. तात्या म्हणजे पाणी देण्यात उभी हयात गेलेला गडी. उसाच्या पाळीतले थोडे पाणी मैदानावर सोडा, एवढेच व्याह्यांनी त्यांना सांगितले. पण पाणी नुसते सोडून देणे तात्यांच्या जिवाला मानवणारे नव्हते. पाणी म्हटले की ते न्यायला दांड हवा, अडवायला बांध हवे, वाफे हवेत. त्यांनी भल्या सकाळी औत जुंपले आणि एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत सबंध मैदानाचे वाफे पाडले. कांदा लावावा असे देखणे, सपाट वाफे. मग एकेक दारे धरून सगळे भरून काढले. पोरे सरावाला आली, तेव्हा फुटबॉलचे मैदान आभाळ दाखवत चमकत होते आणि तात्या खोऱ्याला टेकून शाबासकीची वाट पाहत होते.

मी फेरीवर निघालो होतो. पाणी बिगरपरवाना वाहताना दिसले म्हणून थांबलो. पोरे रडकुंडीला आली होती. गोलरक्षक म्हणाला, "सर, आता हितं म्हशी बसवायच्या का?" व्याही बराच वेळ बांधावर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सोयरिकीच्या बैठकीत सुपाऱ्या मांडताना होता, तसाच तो चेहरा होता. मग त्यांनी धोतर खोचले, चिखलात उतरले आणि एकेका पोराला दंडाला धरून एकेका वाफ्यात नेऊन उभे केले.

"ज्याचा वाफा त्यानं राखायचा. बांध वलांडला त्येचं तंगडं मोडीन. चेंडू बांधावरनं जाईल, तुमी न्हाय."

"आन् चेंडू दुसऱ्याच्या वाफ्यात पडला तर?"

"तर त्यो त्येचा पाव्हना. तू का जातूस?"

चिखलात चेंडू घरंगळत नव्हता. तो पायाने उचलून, बांधांवरून, नेमका दुसऱ्याच्या वाफ्यात टाकणे एवढाच मार्ग उरला. अर्ध्या तासात जे दिसले, ते माझ्यासारख्या अडाण्यालाही कळले. घोळका फुटला होता. मैदान प्रथमच भरलेले दिसत होते.

मी नियमाप्रमाणे पंचनामा केला. व्याह्यांनी आनंदाने सही केली आणि म्हणाले, "काय सजा द्याची ती द्या, पन सामना हुईस्तवर बांध मोडाया सांगू नगा." बांधांविषयी माझ्या नियमांत काही नव्हते. मी तसे त्यांना सांगितले. सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत संघ वाफ्यांतच खेळला.

अंतिम सामना बारामतीला झाला. आमच्या बाजूची माणसे ट्रॉल्या भरून आली होती. त्यांना फुटबॉल कळत नव्हता. वाफे कळत होते. पुण्याच्या मुलांचे बूट एकसारखे होते, आमच्यातल्या दोघांचा तर डावा उजव्याशीही जुळत नव्हता. पहिला गोल त्यांनी केला आणि आमची पोरे जुन्या सवयीने चेंडूकडे धावू लागली. तोच चेअरमनसाहेब खुर्चीवरून उठून ओरडले, "आरं, वाफा सोडू नगा!" मैदान जाते की राहते, याचा निकाल देणाऱ्या माणसाच्या तोंडून हे शब्द निघाले. मग सगळ्या ट्रॉल्यांतून तेच उठले. बारामतीच्या त्या कोरड्या सपाट मैदानावर आमच्या पोरांना बांध दिसू लागले. चेंडू एका वाफ्यातून उडे, दुसऱ्यात पडे. पुण्याचे गडी मधल्या मधे धावून दमत. बरोबरी झाली.

शेवटची मिनिटे चालू होती. आमचा मागचा गडी, बावड्याचा एक थोराड मुलगा, सबंध सामनाभर आपल्या जागेवरून हललेला नव्हता. चेंडू त्याच्या पायाशी आला आणि समोर मोकळे रान होते. तो तरीही हलेना. आज्ञा म्हणजे आज्ञा. व्याही कडेच्या रेषेवर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी असा टाहो फोडला की पंचही वळून पाहू लागले.

"आता फोड बांध! फोड!"

बांध फुटला की पाणी कसे सुटते, ते मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे. ते पोर तसे सुटले. वाटेतले दोघे बाजूला झाले, तिसरा पडला आणि चेंडू गोलरक्षकासकट जाळीत गेला. मी उभा राहिलो होतो, असे नंतर माझ्या मुलीने सांगितले. टोपीही फेकली म्हणते. मला ते आठवत नाही.

चेअरमनसाहेबांनी चषक हातात घेऊन सगळ्यांदेखत सांगितले, "मास्तर, मैदान ऱ्हाईलं." पोरांनी व्याह्यांना आणि तात्यांना एकाच ट्रॉलीवर चढवले. हलगीच्या आवाजात सणसरपर्यंत गुलाल उडाला. पुण्याच्या संघाचे शिक्षक जाण्यापूर्वी मला विचारून गेले, की तुमची मुले कोणत्या पद्धतीने खेळतात. मी म्हणालो, पाटपाण्याच्या.

गुलालाने लाल झालेले व्याही संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले. बगलेतला चेंडू मांडीवर घेतला. मग म्हणाले, "पाव्हणं, समदं झालं, नोकरी बी सरली. आता उद्या सकाळी उठून म्या जायाचं कुठं?"

"आमच्याकडे या," मी म्हणालो. "चहा होईल."

ते आले. पुढे पुष्कळ वर्षे येत राहिले. आता ते नाहीत. मैदान आहे. सकाळी मी तिकडून एक फेरी मारतो. नवी मुले खेळत असतात. त्यांना यातले काही ठाऊक नाही, आणि मी सांगत नाही. चेंडू कधी माझ्या बाजूला आला, तर काठीने परत ढकलतो. आजोबा, बरोबर पायात दिला, असे परवा त्यांच्यातला एक म्हणाला. मी मान हलवली आणि पुढे चालू लागलो. त्या दिवशी मैदानाला एक फेरी जास्त झाली आणि घरी पोहोचायला थोडा उशीर झाला.