शेवटचा निळा बिंदू

संध्याकाळी घरी निघण्याआधी शालनताई एकेकाच्या संगणकापाशी येऊन उभ्या राहायच्या आणि त्याने दिवसभर खपून काढलेली वक्ररेषा माउसने पकडून खेचायच्या. रेषा हलली की आमचं मरण. "हलतंय रे. बांध आणि मग जा घरी," एवढंच म्हणायच्या. रत्नागिरीजवळच्या एका कारखान्यात फायबरच्या मासेमारी होड्यांचे साचे बनत. तिथे आम्ही ड्रॉइंगवाले आणि त्या आमच्या प्रमुख. एसटी चुकली तरी त्यांच्या तावडीतून सुटका नसे.

सरळ रेघ कोणीही बांधेल. लांबी दिली, कोन दिला की पडद्यावरची निळी रेघ काळी होते, म्हणजे ती आता आपल्या मनाने कुठे जाणार नाही. होडीच्या अंगाची स्प्लाइन, म्हणजे बिंदूंमधून वळत जाणारी रेषा, मात्र बिलंदर. तिच्या सगळ्या बिंदूंना मापं दिली, पण टोकाची दिशा तेवढी सुटी राहिली, तर ती मध्येच पोट काढते. आम्ही कंटाळून 'फिक्स'ची कमांड द्यायचो. रेषा असेल तिथे गोठायची आणि काळी दिसायची. ताईंना याचा भयंकर राग. "हा खिळा मारलास तू. बांधलंस कुठे? कशाच्या आधारानं उभी आहे ही, सांग बघू." मग आम्ही तो खिळा काढून पुन्हा मापं शोधत बसायचो.

एक फाइल त्या जेवणाच्या सुट्टीत एकट्याच उघडत. माझं टेबल शेजारी, म्हणून मला दिसायची. त्यांचे यजमान वसंतराव मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके होते. बोट घेऊन समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत. ना बोट मिळाली, ना माणसं. ती लाकडी बोट सुतारांनी नजरेच्या अंदाजाने बांधलेली, तिचं ड्रॉइंग कधी नव्हतंच. ताईंनी घरच्या फोटोंवरून ते या फाइलमध्ये काढलं होतं. सगळ्या रेषा काळ्या, फक्त नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, एक बिंदू निळा. मी एकदा न राहवून विचारलं.

"तेवढं टोक कुठल्याच फोटोत नाही रे," त्या म्हणाल्या. "जाताना सांजेला येतो म्हणालान. मी चुलीपाशी होते, वळून बघितलंसुद्धा नाही."

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. ती मुदत कधीच उलटली होती. ताई ऐकत नव्हत्या आणि सासूबाई अंथरुणावर पडल्या पडल्या रोज विनवत होत्या, "माझे डोळे मिटायच्या आधी वसंताला मोकळा कर गो."

"सगळे मला फिक्स मारायला सांगतायत," ताई मला म्हणाल्या. "कुठे बुडाला, कधी बुडाला, एक माप तरी आहे का माझ्याकडे?"

शेवटी म्हातारीसाठी त्यांनी ते केलं. सुतक संपवून कामावर आल्या तेव्हा गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. आम्ही कोणी मान वर केली नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ती फाइल उघडली आणि जी कमांड आम्हाला कधी वापरू दिली नाही, तीच त्या निळ्या बिंदूला दिली. बोट पूर्ण काळी झाली. सवयीने त्यांनी बिंदू खेचून पाहिला. "नाही हलत," म्हणाल्या, आणि डबा न उघडता बसून राहिल्या. मला फार भीती वाटली.

पुढे थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन ताई गेल्या. त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. अजूनही संध्याकाळ झाली की पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं आणि मी आपसूक माउस सोडून बाजूला सरकतो.

त्यांचा संगणक आवरताना ती फाइल सापडली. नाळेचा बिंदू निळा होता. काळा झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. ताईंनी नंतर कधीतरी गुपचूप तो खिळा उपटून काढला होता. मी बिंदू पकडून हळूच खेचला. तो हलला. तो ताईंनी ठेवला होता तिथेच राहावा म्हणून मी सेव्ह न करता फाइल बंद केली.