पाच मिनिटं डाव्या कुशीवर

"हलू नका मामा! हलू नका! अजून दोन मिनिटं हायेत!"

मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बोंबलत होतो आणि भर उन्हात, उघड्या जमिनीवर डाव्या कुशीला आडवे झालेले माझे मामेसासरे माझ्या दुप्पट आवाजात बोंबलत होते, "पाणी हाय! खाली पाणी हाय! हितंच मारा बोअर!" दहा हातांवर बोअरची गाडी घरघरत उभी होती. भोवती सगळं गाव गोळा झालेलं. मामी मामांच्या उशाशी उकिडव्या बसलेल्या, हातात कानाच्या औषधाची बाटली. आणि गावचे सरपंच कपाळावर हात मारून ओरडत होते, "अरे, त्याच्या कानात औषध खळखळायलंय! ते पाणी न्हाई, औषध हाय!"

मामांनी सरपंचांकडं मान वळवली नाही. वळवता येत नव्हती. डॉक्टरीण बाईंचा हुकूम होता : थेंब टाकल्यावर पाच मिनिटं मान हलवायची नाही.

माझ्या मामेसासऱ्यांच्या उजव्या कानासारखा कान साऱ्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही. हे मी जावई म्हणून सांगत नाही. जावयाला सासरचं कौतुक कधी असतं? पण जे खरं ते खरं. मुदखेडला मालगाडी शंटिंगला लागली, की इकडं अहमदपूरच्या आतल्या अंगाला असलेल्या आपल्या खेड्यात मामा जमिनीला कान लावून सांगायचे, "डबा जोडताना दणका जरा जास्तच बसला. गार्डाचा चहा सांडला." लातूर वेगळा जिल्हा होणार, हेही रेडिओच्या आधी मामांनाच कळलं होतं. ज्वारीच्या रानात पालथे पडून ते मामींना म्हणाले होते, "उस्मानाबादेकडनं लातूरकडं टेबलं-खुर्च्या सरकायल्यात." पुढं त्याच सरकलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर मी कारकून म्हणून बसलो, त्यामुळं या भविष्यावर शंका घ्यायची मला सोय उरली नाही.

मामा पाणाड्या होते. म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारे. पण बाकीच्या पाणाड्यांसारखं तळहातावर नारळ उभा करणं, कडुलिंबाची फांदी धरून फिरणं, अंगात आणणं असलं काही त्यांना बिल्कुल खपायचं नाही. "जय भीमवाली माणसं आपण," ते म्हणायचे, "आपल्याला पुरावा लागतोय. अन् नारळाला काय इचारता? त्याच्या पोटात आधीच पाणी!" मामांचा कारभार निव्वळ उजव्या कानावर. डावा कान, त्यांच्याच शब्दांत, 'शोभेचा'. उजवा कान जमिनीला लावायचा, डोळे मिटायचे, गावानं श्वास रोखून धरायचा आणि मग मामांनी उठून "हाय" किंवा "न्हाई" म्हणायचं. पाणी लागलेले बोअर मामांच्या कानाचे आणि कोरडे गेलेले गाडीवाल्याच्या हाताचे, असा चोख हिशेब होता आणि गाडीवाले सोडून तो सगळ्यांना मान्य होता.

अशा कानाची निगाही तशीच. मामा कानाची मशागत करायचे. नांगरट सायकलच्या चाकाच्या तारेनं, कोळपणी मामींच्या केसांच्या आकड्यानं आणि शेवटचा हात काडेपेटीच्या काडीनं. मामी करवादायच्या, "ह्या माणसाच्या कानापायी माझा आंबाडा चार दिस सुटाच हाय!" पण मामा डोळे मिटून, तार फिरवत, तोंड अर्धं उघडं ठेवून असे काही तल्लीन झालेले असायचे, की बघणाऱ्याच्या कानाला खाज सुटावी.

आणि मग तो दुष्काळ आला. रानाला अशा भेगा पडल्या, की आमच्या गावातली एक शेळी एका भेगेत पडली ती म्हणे तेलंगणात निघाली आणि तेलुगूत ओरडली. पाणाड्याला अशा दिवसांत उसंत कुठली! एका महिन्यात मामांनी सहा गावांची जमीन ऐकली. तापलेली माती, वर तारेची नांगरट. उजवा कान जो सुजला, तो गुळाच्या गुलगुल्यासारखा टम्म! पाळीला नुसतं बोट लागलं तरी मामा असे किंचाळायचे, की वस्तीतली कोंबडी खुडूक व्हायची सोडून द्यायची. भाकरी चावली की कळ, जांभई दिली की कळ. मामींनी लसणाचं तेल कोमट करून ओतलं, कुणी कांद्याचा रस सांगितला, कुणी शेळीचं दूध. कानाची पार मिसळ झाली.

आता हे दुखणं एकट्या मामांचं असतं, तर मी हसून सोडून दिलं असतं. पण नव्या जिल्ह्यानं आमच्या गावाला एक बोअर मंजूर केला होता. एकच. भूजलवाले साहेब जीपमधून येऊन चुन्यानं दोन फुल्या मारून गेले होते : एक चावडीपुढं, एक आमच्या वस्तीच्या तोंडाशी, चिंचेखाली. "दोन्हीकडं सारखंच दिसतंय," साहेब म्हणाले, "कुठं घ्यायचा ते तुम्ही ठरवा." गावात पाण्याची विहीर होती, पण आमच्या बायांनी घागर विहिरीच्या कडेला ठेवायची आणि वरनं कुणीतरी ओतेल तोवर थांबायचं, अशी तिथली रीत. कायद्यानं ती कधीच मोडली होती. रहाटाला ते कुणी सांगितलं नव्हतं. मामी रोज दोन-दोन तास त्या कडेला उभ्या असायच्या. चावडीपुढं हापसा बसला, तर विहिरीची रीत हापशाला लागायला किती दिवस लागणार? पंचायतीत दोन दिवस भांडण झालं आणि शेवटी ठरलं, की आठ दिवसांनी गाडी येईल तेव्हा मामांचा कान सांगेल तिथं मारायचा. सरपंच या गोष्टीला कसे तयार झाले याचं मला नवल वाटलं होतं. मग मामांचा कान बघितला आणि नवल संपलं.

मामींनी निरोप धाडला, "जावयबापूंना म्हणावं, कान गेला. बिगीनं या." मी रजा टाकली, गेलो आणि मामांना एसटीत घालून लातूरला आणलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण नजर करडी. त्यांनी कपाळावरचा दिवा लावून कानात बघितलं आणि चिमट्यानं एकेक ऐवज बाहेर काढायला सुरुवात केली : काडीचं टोक, ज्वारीचा कोंडा, लसणाची साल, काळी माती. माती एवढी निघाली, की हरभरा पेरला असता तर उगवला असता.

"कानात काय काय घालता हो?" बाईंनी विचारलं.

"मशागत करतो, बाई."

"आजपासून पडीक ठेवा," बाई म्हणाल्या. "तार नाही, काडी नाही, तेल नाही. कानाच्या नळीला जखमा होऊन पू झालाय. नशीब, पडदा शाबूत आहे. मी नीट बघितलाय, म्हणून हे थेंब देते. भोक असतं तर हे चाललेच नसते." मग त्यांनी माझ्याकडं वळून, जणू कानाचा खरा मालक मीच, असं सगळं सांगितलं : हात धुवायचे. बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करायची, आगीवर नाही. दुखरा कान वर करून कुशीवर झोपायचं. पाळी हळूच वर आणि मागं ओढायची. चार थेंब, सकाळ-संध्याकाळ. बाटलीची नळी कानाला लागता कामा नये. पाच मिनिटं तसंच पडून राहायचं. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. "आणि सात दिवस. तिसऱ्या दिवशी बरं वाटेल, तरी सात दिवस. पुरळ आलं, भोवळ आली, ऐकू कमी आलं, तर तडक इकडं."

"अंघोळीचं काय?" मी विचारलं.

"अंघोळ?" मामांनी बाईंकडं अशा काही करुणेनं बघितलं, की बाईंनाच दुष्काळाची आठवण झाली.

मामा अर्धवट काही करत नसत. सायकलची तार त्यांनी त्याच दिवशी चाकात परत बसवली आणि औषधाचा धर्म स्वीकारला. पहिल्या संध्याकाळी मी घाईनं गार बाटलीच कानात पिळली. मामा ताडकन उठून बसले आणि बाजेला घट्ट धरून ओरडले, "जावई, अहमदपूर उदगीरला निघालं! उदगीर निलंग्याला निघालं! धरा कुणीतरी!" सगळे तालुके जागेवर यायला दहा मिनिटं लागली. तेव्हापासून बाटलीच्या उबेची जबाबदारी त्यांनी माझ्याकडनं काढून घेतली. मूठ झाली, काख झाली, शेवटी दुसऱ्या दिवशी त्यांनी ती अंडी उबवणाऱ्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. ऊब अगदी डॉक्टरी निघाली. फक्त कोंबडी बाटली परत द्यायला तयार नव्हती. मामींच्या हातावर दोन चोची पडल्या आणि बाटली पुन्हा मुठीत आली.

सकाळ-संध्याकाळ वस्ती जमायची. मामा बाजेवर डाव्या कुशीला. मामी पाळी ओढून थेंब सोडायच्या आणि सगळ्यांनी एकसुरात मोजायचं, "एक... दोन... तीन..." नळी कानाच्या जवळ गेली, की कुणीतरी कबड्डीच्या पंचासारखं ओरडायचं, "लागली! लागली!" आणि मामी म्हणायच्या, "तुझे डोळे फुटले! बोटभर लांब हाय!" मग पाच मिनिटं शांतता. त्यात मामांशी बोललं तर त्यांना ऐकू येत नसे, म्हणून माझी वेळमोजणी मला बोंबलूनच करावी लागायची.

तिसऱ्या दिवशी सरपंच स्वतः समाचाराला आले. हातात एक जुनाट बाटली. "आमच्या धाकट्याचा कान गेल्या साली फुटला होता, त्यातलं अर्धं उरलंय. हे बी टाका. दोन औषधं म्हंजे दुप्पट गुण." मामींनी बाटली घेतली, उन्हाला धरून बघितली आणि परत दिली. "दुसऱ्याच्या कानाचं उरलेलं कशाला, सरपंच? औषध हाय, कढी न्हाई." सरपंच गेले. पण चौथ्या दिवशी सूज उतरली, कळ थांबली आणि मामांनाच सुरसुरी आली. "बरा झाला कान. आता बास की औषध. जरा फुलीवर जाऊन ऐकून येतो."

"सात म्हंजे सात," मामी म्हणाल्या. "उगं मातीत कान घालून परत इघडवलात, तर माझी खेप जल्मात सुटायची न्हाई." यावर मामा गुमान डाव्या कुशीला वळले. मामींच्या डोक्यावरचा, घागरीच्या चुंबळीनं पडलेला घट्टा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

सातव्या दिवशी सकाळी गाडी आली. सरपंचांनी मामांना आधी चावडीपुढच्या फुलीवर नेलं. मामांनी डॉक्टरी हुकुमाप्रमाणं जमिनीवर धुतलेलं धोतर अंथरलं, त्यावर उजवा कान टेकला, डोळे मिटले. गावानं श्वास रोखला. गाडीवाल्यानं इंजिन बंद केलं. मामा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "न्हाई."

"नीट ऐक की!"

"न्हाई म्हंजे न्हाई. अन् आता माझ्या औषधाची येळ झाली."

सगळा गाव, गाडीसकट, मामांच्या मागं चिंचेपाशी. तिथं बाज नव्हती, म्हणून मामा फुलीवरच आडवे झाले. डावा कान मातीत, उजवा आभाळाकडं. मामींनी मूठ उघडली, चार थेंब, सगळ्यांनी मोजले, सरपंचांनीसुद्धा. तिसऱ्या मिनिटाला मामांनी ती बोंब ठोकली, जिच्यापासून मी सुरुवात केली.

सरपंचांनी लाख सांगितलं, की हे औषध वाजतंय. पण गावापुढं दिलेला शब्द होता. पाच मिनिटं पुरी झाल्यावर मामा शांतपणे उठले, कानाबाहेर आलेलं औषध स्वच्छ फडक्यानं टिपलं आणि गाडीवाल्याला म्हणाले, "चला." शंभर फुटांपर्यंत पांढरा धुरळा. दीडशेपर्यंत धुरळा. सगळं गाव पीठगिरणीतनं आल्यासारखं दिसायला लागलं. मामी चिंचेला टेकून बसलेल्या, पदर दातांत धरून. मामा एकदाही त्यांच्याकडं बघत नव्हते. दोनशेच्या पुढं कधीतरी धुरळा ओला झाला, मग चिखल आला आणि मग पाणी असं उसळलं, की मी आजही म्हणतो, गाडीवाल्याची टोपी अजून खाली आलेली नाही.

हापसा बसला. पहिल्या आठवड्यात गावातल्या बाया येऊन चार पावलं लांब उभ्या राहिल्या. सरपंचांची बायको सगळ्यांत पुढं. मामी हापसत होत्या. त्यांनी दांडा सोडला आणि म्हणाल्या, "या की, हाणा. लोखंडच हाय." सरपंचीणबाईंनी एकदा दांड्याकडं, एकदा रिकाम्या घागरीकडं बघितलं आणि हापसलं.

ही गोष्ट मी लातूरच्या कचेरीत वर्षानुवर्षं सांगितली. कानातलं औषध खळखळलं आणि त्यावर गावाला पाणी मिळालं, इथं आलं की चहाचे पेले पालथे होईतो लोक हसायचे. पुढं मामी गेल्या. गावात नळ आला, हापशाचा दांडा कुणीतरी काढून नेला. मामा थकले. एका उन्हाळ्यात मी भेटायला गेलो, तर चिंचेखाली बाज टाकून बसले होते, एकटेच. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून विचारलं, "मामा, त्या दिवशी खरंच पाणी ऐकू आलं होतं, का नुसतं औषधच वाजत होतं?"

"काय ऐकू येतंय, जावई," मामा म्हणाले. "उजव्यात औषध होतं, अन् मातीत तो शोभेचा डावा."