नातीला घरी आणायला गेले होते

मंडळी, बोलतेय मी अन् टाइप करतीया माझी सून. चुका दिसल्या तर तिच्या.

माझी नात सई अकरावीत हाय, कळंब्याजवळ हॉस्टेलात राहते. परवा फोनवर रडली, "आज्जे, मला घरी ने की." म्हणून आज पालकभेटीला भाकरी अन् कांदा-लसूण चटणी बांधून गेले. म्हटलं, पोरीला घेऊनच यायचं.

बघते तर सईबाई मैदानात रस्सीखेच खेळतीया, दोराच्या पार शेवटच्या टोकाला! मी वरडले, "अगं, टाच रोव की!" जिंकल्या.

पण दोरानं सगळ्यांचे तळहात सोललेले. चटणीला हात लावला की झोंबणार. मग सईला मीच घास भरवला. तर बाकीच्या भवान्याबी चोच वासून रांगेत बसल्या. बघता बघता डबा रिकामा!

"चल, कपडे भर," म्हटलं.

"खुळी हाईस काय आज्जे? उद्या फायनल हाय. टोकाला कोण थांबणार?"

आले की मग एकटीच. वाटेत हसूबी येत हुतं, रागबी.

मला सांगा, रडताना पोरं लगेच फोन करत्यात. मग रडू थांबल्यावर कळवायला का विसरत्यात वो? तुमच्याकडंबी असंच हाय का?