बेरीची वाटी

रविवारी दुपारी टीव्हीवर एक भयपट लागला होता. एक दूरचा मामा एकच बॅग घेऊन सुखी घरात राहायला येतो, सगळ्यांशी गोड बोलतो आणि हळूहळू घरच गिळत जातो. मला मात्र धडकी भरली ती समोरच्या सोफ्याकडे बघून. तिथे सासूबाईंचा भाचा सुधीर बेरी खात बसला होता.

तूप कढवलं की तळाशी उरलेली बेरी साखर घालून जावयाला द्यायची, हा या घरातला माझा एकमेव मान. गेल्या आठवड्यात सुधीर एक बॅग घेऊन आला आणि वाटी त्याच्याकडे गेली. पन्नाशीच्या माणसाने बेरीवरून जळू नये, हे मला कळतं. पण घरातली आपली जागा कधीकधी एका वाटीएवढीच असते.

मी बायकोच्या कानाशी लागलो. "बघ, तोच प्रकार! एक बॅग, गोड बोलणं आणि जायचं नाव नाही."

"तुम्हीही भाड्याचं घर मिळेपर्यंतच आला होतात," ती टीव्हीवरची नजर न हटवता म्हणाली. "अकरा वर्षं झाली. त्याआधी बेरी मला मिळायची."

पडद्यावर कुणीतरी किंचाळलं. सुधीरने उरलेली अर्धी वाटी माझ्यापुढे केली. "घ्या ना भावोजी."

मी ती बायकोला दिली. तिने चाटूनपुसून संपवली, एका शब्दाने मला विचारलं नाही. मी तिच्या प्रत्येक चमच्याकडे बघत होतो, अगदी त्या मामाच्या नजरेने.