मागे राहिलेली जोसलिन

दोह्याच्या नजमा भागातलं ते घर जोसलिनने हौसेने लावलं होतं. बाई अबाया शिवणाऱ्या दुकानात कटिंगला. उरल्यासुरल्या कापडाचे पडदे, उशांचे अभ्रे, सगळं घरीच शिवलं. तरी खुर्चीत बसायची ती कडेला टेकून, आत्ता कुणी येऊन ऊठ म्हणेल अशी. नवरा रोडेल चिडवायचा, "चहा घेऊनच जा हं, बाईसाहेब." ती हसायची. पण खरं सांगायचं तर घर कसलं, त्या अख्ख्या शहरातच तिचा जीव कधी लागला नव्हता, आणि का ते तिचं तिलाच उमगत नव्हतं.

लेक मायुमी तान्ही असताना तिला मायदेशी, इलोकोसमधल्या गावी आईपाशी ठेवून जोसलिन इकडे आली. आता पोर सहा वर्षांची झाली, कागदपत्रं जमली, आणि रोडेल जाऊन तिला घेऊन आला. जोसलिनने कारली-वांगी घालून पिनाकबेट रांधलं. पोरगी नीट बसली, मुकाट जेवली, वर थँक्यू म्हणाली. परक्यांच्या घरी शहाणी लेकरं वागतात ना, तशी. जवळ घ्यावं तर अंग ताठ करायची. वेणीला हात लावू द्यायची नाही. एक दिवस तिने बापाला विचारलं, आपण मम्मीकडे परत कधी जायचं? रोडेल म्हणाला, महिनाभर बघू, नाहीतर पाठवू परत, पोरीचे हाल नकोत.

शुक्रवारी न्हाऊ घालायचं म्हणून कशीबशी समजूत काढून तिने ती वेणी हातात घेतली, आणि हात जागीच थांबले. चौपेडी वेणी, डावीकडून घातलेली, शेवटाला उलटी गाठ. जोसलिन डावखुरी. गावात अशी वेणी तिच्याशिवाय कुणी घालत नसे. आणि आईची बोटं तर संधिवाताने केव्हाच वाकडी झालेली.

"ही कुणी घातली गं?"

"मम्मीने."

"मी तर इथे होते, बाळा."

"तू नाही. घरची मम्मी," मायुमी शांतपणे म्हणाली. "ती बोलत नाही. लिलांगआजीची भांडी घासते आणि माझी वेणी घालते."

जोसलिनला फोन आठवले. आजवर आईला कधीही फोन करा, मागे भांड्यांचा आवाज असायचाच. तिला आपलं वाटायचं, शेजारची कुणी पोर मदतीला येत असेल.

त्यांच्याकडे माणूस घर सोडून निघालं की दारातून त्याला नावाने हाक मारतात, चल, मागे राहू नकोस म्हणून. हाक राहिली तर देह जातो आणि जीव तिथेच घुटमळतो. हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जोसलिन निघाली तेव्हा आई दारात ओठ मिटून उभी होती. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, रडू आवरत असेल बिचारी.

तिने आईला फोन लावला. मागे भांडी वाजत होती.

"नानांग, तू मला हाक मारली नव्हतीस."

आईने आवाज खाली घेतला. मग म्हणाली, "नाही मारली. म्हटलं, जीव इथे अडकला तर पाठोपाठ येशील परत. तू काही आली नाहीस. ती राहिली. तेवढीच सोबत गं मला."

"आणि मायुमीला?"

"तिला मारली की. ती तुझी होती. तू माझी होतीस."

जोसलिनला इतका संताप आला की फोन आपटावासा वाटला. सख्खी आई ना ही! मग रडूच फुटलं. आता त्या म्हातारीजवळ तिची तेवढी सोबत मागायची, ती कोणत्या तोंडाने?

"पोर मला ओळखत नाही, नानांग."

पलीकडे खुर्ची सरकली, दाराची कडी वाजली. आईचा आवाज लांबून आला, लहानपणी खेळातून घरी बोलवायची तसा. "जोसलिन, चल बाई. मागे राहू नकोस. पोर वाट बघतेय."

भांड्यांचा आवाज थांबला.

इकडे मायुमीने मान वर केली. बंद दाराकडे बघितलं, मग हळूहळू तिची नजर जोसलिनच्या खुर्चीपर्यंत आली आणि तिथे थांबली. ती उठली, कंगवा घेऊन आली, आणि आईच्या मांडीला पाठ टेकून बसली. जोसलिनने खुर्चीत पाठ टेकली. कधी नव्हे ती.

"पोचली का?" आईने विचारलं.

"पोचली."

"बरं झालं." तिकडे नळ सुटला. वाकड्या बोटांतून एक ताटली निसटून मोरीत पडल्याचा आवाज आला. "ठेवते गं. भांडी पडलीत."