गेटवरची खुर्ची

"जागा आसा, बसा," असं मास्तर म्हणायचे. माझ्याच ओसरीवर येऊन, मलाच. आधी दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक, मग चपला काढणं, मग हे वाक्य. एकदा मी म्हटलं, "मास्तरानू, घर माझा आसा." तर म्हणाले, "घर तुमचाच, वयनी. पण उभ्यान प्रवास कित्याक?"

हे मास्तर शाळेतले नव्हेत. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरला मास्तर म्हणतात. देवगड, ओरोस, आंबोली अशा गाड्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही ते गावाकडे गाडीसारखंच बघायचे. कोण उभा आहे, कोण बसलाय, कुठे जागा रिकामी आहे. नोकरी संपली तरी सवय न सुटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांची सवय दुसऱ्यांना ताप होते. मास्तरांची सवय गावाच्या कामाला आली, एवढाच फरक.

आमच्या गावात दरवर्षी मे महिन्यात दशावताराच्या वेड्यांचा मेळावा भरतो. नाटक करणाऱ्यांचा नाही, बघणाऱ्यांचा. शाळेच्या पटांगणात दोन दिवस मांडव पडतो. मुंबईहून येतात, गोव्यातून येतात, आजूबाजूच्या गावांतून तर येतातच. कोणी जुने फोटो आणतो, कोणी जुन्या मुकुटाचा तुकडा आणतो, आणि कोणाचा राक्षस भारी यावर मोठी माणसं लहान पोरांसारखी भांडतात. थकलेले नट खुर्च्यांवर बसतात, लोक त्यांच्या पाया पडतात आणि फोटो काढतात. दोन्ही दिवशी दुपारी, भर उजेडात एकेक नाटक होतं.

हे सगळं चालवायला चाळीस माणसं लागतात. गेटवर, गाड्या लावायला, चपला सांभाळायला, पाण्याला, जेवणाला, आणि रंगपटाच्या दारात. रंगपट म्हणजे नट रंगतात ती खोली. तिथे कोणी उभं नसेल तर अर्धा मेळावा आत घुसतो. या चाळीस जणांना काही मिळत नाही. दोन वेळचं जेवण आणि उन्हाचे चटके.

पहिल्या वर्षी मास्तरांनी चाळीस माणसं सहज गोळा केली. सगळी नाटकवेडी. आणि तिथेच गाडी फसली. दुपारी नाटकात युद्ध उभं राहिलं, मृदंग तापला, आणि चाळीसच्या चाळीस जण मांडवात जाऊन उभे राहिले. गेट मोकळं. जेवणाची खोली मोकळी. मे महिन्यात आमच्याकडे गुरं सोडलेली असतात. ती गेटातून आली आणि सरळ भाताच्या टोपापाशी गेली. एका बैलाने उसळीत तोंड घातलं ते तळ दिसेपर्यंत काढलं नाही. गोव्याहून आलेले पाहुणे लोणचं आणि सोलकढीवर उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चौकटीवर टकटक झाली. मी त्या शाळेत मुलांचं जेवण शिजवायची, आणि शिकलेही तिथेच, चौथीपर्यंत.

"वयनी, तुमका नाटक आवडता?"

"माका? मृदंग वाजलो की झोप येता."

"मगे माका तुमीच व्हयात."

अशी मी लागले. मला कोणी एवढ्या आनंदाने कधी बोलावलं नव्हतं.

पण गावात माझ्यासारखी माणसं किती? चार-पाच. बाकी सगळे वेडे. मग मास्तरांनी तोड काढली. जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, त्यांची तिकिटाएवढी कापटं केली. लोहाराकडून एक पंच करून घेतला, कारण जुना डेपोत जमा झाला होता. मग घरोघर फिरायला लागले. "काम करशील काय?" असं त्यांनी कोणालाच विचारलं नाही. विचारायचे, "तुका खंयचो प्रवेश सोडूक जमाचो नाय?"

माणूस लगेच खुलायचा. कोणाला युद्ध हवं असायचं, कोणाला राक्षसाची पहिली एन्ट्री, कोणाला शेवटी आई-मुलाची भेट. मास्तर तिकिटावर नाव, काम आणि तो प्रवेश लिहायचे. तो प्रवेश आला की त्या माणसाच्या जागी बदली जायचा, तिकिटाला भोक पडायचं, माणूस नाटक बघून परत यायचा. एक प्रवेश मिळणार हे ठरलेलं असलं की बाकीचा सगळा वेळ लोक उन्हात उभे राहतात. हे मी पुढे वर्षानुवर्षं पाहिलं. आणि पुढच्या वर्षी तीच माणसं विचारत यायची, "मास्तरानू, माझा तिकीट काढलात मां?"

मास्तर स्वतः गेटवर. एक लाकडी खुर्ची, तोंड रस्त्याकडे, पाठ रंगमंचाकडे. दोन्ही दिवस, पूर्ण वेळ. ते स्वतः सगळ्यात मोठे वेडे होते, हे मी सांगायला हवं. ड्यूटीवरून उतरून सात-आठ मैल चालत जाऊन नाटकं बघितलेला माणूस.

"तुमचो प्रवेश खंयचो?" मी एकदा विचारलं.

"माका बघूची गरज नाय, वयनी. मृदंग वाजलो की कोण इलो ता पाठीक कळता."

"पाठीक डोळे फुटले काय?"

"तुमका कानच नाय, तुमका काय सांगू?"

आता माझी चूक सांगते. ती लपवून मास्तरांबद्दल लिहिण्यात अर्थ नाही.

आमच्या खालच्या वाडीतली सुलभा सहा वर्षं चपलांजवळ होती. तिच्या तिकिटावर दरवर्षी एकच प्रवेश: राणीचा निरोप. राणीचं काम एक म्हातारा नट करायचा. पुरुष, पण साडी नेसून उभा राहिला की बायका पदर सावरायच्या. सहाव्या वर्षी सुलभाच्या जागी बदली पाठवायची होती ती माझ्या जेवणाच्या खोलीतून. ठरलेली बाई निघाली तेवढ्यात उसळ खाली लागायला लागली. मी म्हटलं, "आधी ढवळ. प्रवेश पळान जाणा नाय." माझ्यासारख्या नाटकच आवडत नसलेल्या बाईला प्रवेश म्हणजे काय ते कळत नाही. बदलीची बाई पोचली तेव्हा निरोप संपला होता.

सुलभा तशीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिकीट हातात, भोक न पडलेलं.

"काकी, सहा वर्षां लोकांच्या चपलांचो वास घेतलो. एकच प्रवेश मागलो होतो."

"पुढच्या वर्षाक बघ."

"पुढच्या वर्षाक तो आसतलो काय?"

तो नट नव्हताच. त्याचे गुडघे गेले, ते त्याचं शेवटचं काम ठरलं. सुलभा तर गेलीच, वाडीतल्या सहा बायका घेऊन गेली. चाळिसातले सात गेले.

मी मास्तरांना म्हटलं, तुम्ही जाऊन तिची समजूत घाला. ते म्हणाले, "चूक तुमची, पायरी तुमीच चढूक व्हयी." आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मीही चढले नाही. म्हातारपणी कोणाच्या दारात जाऊन मान खाली घालायची? असं मला तेव्हा वाटायचं.

पुढच्या वर्षी मुंबईच्या एका हुशार माणसाने मोबाइलवर फॉर्म काढला. बसल्या जागी नव्वद नावं आली. कमिटीची माणसं मास्तरांकडे बघून हसली. जुन्यांना त्या वर्षी तिकिटं दिलीच नाहीत, त्यातले निम्मे रुसून सुटले. मेळाव्याच्या सकाळी नव्वदातले अकरा आले. त्यातल्या चौघांनी विचारलं, नटांबरोबर फोटो कधी? मास्तर एवढंच म्हणाले, "नाव लिवणारे येगळे, येणारे येगळे." आणि दोन माणसांचं काम एकेकाला लावून तो मेळावा त्यांनी ओढून नेला.

तेव्हाच त्यांचे पाय सुजायला लागले होते. मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा ओरोसला जाऊन रक्त धुऊन घ्यायचं. जाणं-येणं एसटीनेच. घरच्यांनी रिक्षा सांगितली तर म्हणाले, "रिक्षात तीन माणसां. गाडयेत पन्नास." मला वाटलं गंमत करताहेत. ते माणसं शोधत होते. संध्याकाळी चौकटीवर टकटक व्हायची, आवाज हलका झालेला, पण दोनदाच.

"वयनी, ओरसाक दोन मिळाले. बाजूच्या खाटेवरचो रिक्षावालो, आणि तेची बायल. तेका युद्ध, तिका राक्षस."

"तो स्वतः आजारी ना?"

"बसान गाडये लावूक काय होता? हात दाखवूचो."

असं एकेक करून, रुसलेल्यांनाही परत आणत, त्यांनी आकडा पुन्हा वर चढवला. अंगात त्राण नसताना. मी त्यांच्याबरोबर घरोघर जायची, कारण घाटीच्या, म्हणजे चढणीच्या, पायऱ्या त्यांना एकट्याने चढवत नव्हत्या. मी विचारायची, "येतलंस की नाय?" लोक म्हणायचे, "बघतंय." बाहेर आल्यावर मास्तर म्हणायचे, "बघतंय म्हणजे नाय. तुमी माणसाक कोपऱ्यात गाठतात, वयनी. तेका काय व्हया ता आधी विचारा."

चैत्रात यादी तेहतीसवर आली. सात कमी. कोणते सात ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी तिकिटांचा डबा आणि पंच माझ्या ओसरीवर ठेवला.

"मी आसतलंय की नाय ता सोडा. चाळीस पुरे होवक व्हयेत. एक वरीस मेळावो मोडलो की परत उभो रवाचो नाय."

आठ दिवसांनी ते गेले. ओरोसहून परत येताना, गाडीतच, खिडकीजवळच्या जागेवर. कंडक्टरला वाटलं झोप लागली.

रडण्याबिडण्याचं मी सांगत नाही. तेराव्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन खालच्या वाडीत गेले. सुलभाच्या चौकटीवर टकटक केली. दोनदा झाली, ती कशी झाली ते मला ठाऊक नाही. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि बस म्हणाली नाही.

मी उभ्यानेच बोलले. "चूक माझी. उसळ करपली आसती तर दुसरी केली आसती. तुझो प्रवेश परत करूक माका येणा नाय. माफी मागूक इलंय."

ती कोंबड्यांना दाणे टाकत राहिली.

"राणयेचा काम आता कोण करता?" मी विचारलं.

"कोणतरी नवो आसा. चालता म्हणे बरो. रडता मात्र खोटा."

"तू बघितलंस?"

"मोबाइलवर बघून काय कळता?" मग डब्याकडे बघून म्हणाली, "बघतंय."

बघतंय म्हणजे नाही. मी घरी आले आणि तेहतीस माणसांत चाळिसांचं काम कसं बसवायचं ते ठरवत बसले.

मेळाव्याच्या सकाळी गेटवर गेले तर कमिटीने मास्तरांच्या खुर्चीवर त्यांचा फोटो ठेवला होता, हार घालून. दोन्ही दिवस खुर्ची रिकामी ठेवायची असं ठरलं होतं. येणारा प्रत्येक जण तिथे हात जोडायचा आणि गर्दी तुंबायची. चपलांचा ढीग झाला होता. पाण्याचं पिंप भरायला कोणी नव्हतं. दहाच्या सुमारास खालच्या वाडीच्या पायवाटेने सात बायका आल्या. पुढे सुलभा.

सहा जणींना मी चपलांना, पाण्याला आणि भाकऱ्यांना लावलं. सुलभा राहिली.

"मी खंय रवू?"

मी खुर्चीवरचा फोटो उचलला आणि कमिटीच्या माणसाच्या हातात दिला. "हो मांडवात ने. पहिल्या रांगेत ठेव. एकदा तरी नाटक बघूंदेत."

"काकी, पण लोक काय म्हणतीत?" तो म्हणाला.

"चाळीस वर्षां तेनी एक जागा रिकामी जावक दिली नाय. तू कोण ठेवणारो?"

मग सुलभाला म्हटलं, "जागा आसा. बस." ती बसली. तोंड रस्त्याकडे, पाठ रंगमंचाकडे.

तिच्या तिकिटावर मी स्वतः लिहिलं, माझ्या चौथीतल्या अक्षरात: राणीचा निरोप. दुपारी उसळ चुलीवर होती. ती तशीच दुसरीवर सोपवली, लागली तर लागली, आणि गेटवर गेले. तिच्या तिकिटाला पंच मारला. लोहाराने केलेला, जड आहे, दोन हातांनी दाबावा लागतो.

"जा. लवकर जा."

ती धावत गेली. मी खुर्चीवर बसले. मागे मृदंग चालू झाला. कोण आलं ते माझ्या पाठीला काही कळलं नाही. झोपही आली नाही; ऊन फार होतं.

तेवढ्यात फाट्यावर एसटी थांबली. दहा-बारा माणसं उतरली, पिशव्या घेऊन, घाईघाईत. सगळ्यात पुढच्या माणसाने मांडवातली गर्दी बघितली आणि दमलेल्या आवाजात विचारलं, "आजी, आत जागा आहे का?"

"आसा," मी म्हटलं. "येवा."